बागेची राखण: नव्या वॉचमनसाठी

किल्ल्यांचा जुडगा ताब्यात घेताना प्रत्येक किल्ली तिच्या कुलपात घालून फिरवून बघा. नुसत्या मोजून घेऊ नका. मी १९९९ साली पहिल्या रात्री नुसत्या मोजल्या. चौदा होत्या, वहीत चौदा लिहून सही ठोकली. रात्री साडेदहाला कारंज्याच्या मोटरीचा आवाज बदलला. पाणी संपलं होतं आणि मोटर कोरडी फिरत होती. पंपाच्या खोलीपाशी धावलो आणि एकेक करून चौदाही किल्ल्या लावून पाहिल्या. त्या खोलीची किल्ली जुडग्यात नव्हतीच. तिच्या जागी जी होती ती कुठल्याशा जुन्या, कधीच काढून टाकलेल्या कुलपाची होती. सकाळपर्यंत मोटर जळून बसली. कागदावर मात्र माझी सही होती, त्यामुळे पगारातून कापले ते माझेच.

मी मूळचा सत्तरी तालुक्यातला. गोव्यातल्या एका नगरपालिकेच्या बागेत चोवीस वर्षं वॉचमन होतो, त्यातली बहुतेक रात्रपाळी. शहर कुठलं ते सांगत नाही, निवृत्त झाल्यावर कुणाशी वाकडं कशाला? आमच्या वाड्यावरचा एक मुलगा आता ठेकेदारामार्फत अशाच कामाला लागलाय. दर रविवारी येऊन एकेक प्रश्न विचारतो. त्याला सांगितलेलं इथं लिहून ठेवतोय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आपण पोलीस नाही. गणवेश खाकी असला, खांद्यावर पट्टी असली, तरी नाही. आमच्या शेजारचा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, न्यूयॉर्कला बोट लागली की तिथल्या उद्यानांतून फिरतो. तो सांगतो, तिथं पार्क एन्फोर्समेंट पेट्रोल म्हणून महापालिकेचं वेगळं दलच आहे. हिरवा गणवेश असतो, दंडाची पावती फाडतात, वेळ आली तर अटकही करतात. आपल्याकडे तसं काही नाही. पणजी महानगरपालिका २००२ च्या कायद्याखाली चालते, बाकीच्या तेरा नगरपालिका १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली. दंड करायचा असेल तर तो पालिकेचा निरीक्षक पावती देऊन करणार. गुन्हा असेल तर पोलीस बघणार. वॉचमनने कुणाकडून दहा रुपयेसुद्धा ‘दंड’ म्हणून घ्यायचे नाहीत. एकदा घेतले की त्या बागेत तुमचा शब्द संपला.

अधिकार अगदीच शून्य आहे असंही नाही. माझी भाची वकील आहे. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा तिच्याकडून मी चहा पीत पीत समजून घेतलं. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही सामान्य माणूस गुन्हेगाराला धरून ठेवू शकतो, पण विनाकारण उशीर न करता आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. आता गंमत ऐका. कुणा फिरायला आलेल्याच्या पाचशेच्या चपला चोरल्या तर तो किरकोळ, अदखलपात्र मामला. पण पालिकेचा नळ चोरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, कारण तो नळ स्थानिक संस्थेची मालमत्ता. सात वर्षांपर्यंतची शिक्षा. तीनशे रुपयांच्या पितळी नळाला सात वर्षं! हे चोराला ठाऊक नसतं, वॉचमनलाही नसतं. म्हणून नव्या मुलाला मी सांगतो, नळ काढणारा दिसला तर अंगावर जाऊ नकोस, त्याच्या हातात पाना असतो. लांबून बॅटरीचा झोत टाक, मोठ्याने बोल, ११२ लाव. चोराला धरायचा हक्क आहे म्हणून धरायलाच हवं असं कुठं आहे?

११२ लावल्यावर ‘बागेत गडबड आहे’ म्हणू नका. शहरात चार बागा असतात. शहर, बागेचं नाव, कुठलं गेट, समोर काय आहे, माणसं किती आणि काय चाललंय, एवढं एका दमात सांगा. ‘गाडी मागच्या गेटने पाठवा, मी तिथं उभा राहतो’ हेही सांगा. आणि खरोखरच जाऊन गेट उघडून उभे राहा. मी एकदा गेट उघडायलाच विसरलो होतो. पोलीस कुंपणाबाहेर, आत दोघांची जुंपलेली, आणि मी मध्ये खिशात किल्ली शोधतोय.

फेरी. आमच्याकडे राखणदार म्हणजे देव. रात्री काठी आपटत, घुंगरं वाजवत गावाची शीव फिरतो म्हणतात, त्याला वर्षाला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, चोर पकडायचा तर देव एवढा आवाज कशाला करतो? ती म्हणाली, ‘चोराक धरूंक न्हय रे, चोर येवचो न्हय म्हूण.’ म्हणजे चोराला धरायला नाही, चोर येऊच नये म्हणून. चोवीस वर्षांत मला याहून चांगलं प्रशिक्षण कुणी दिलं नाही. काठीला खाली लोखंडी टोपण बसवून घ्या, फरशीवर ठक ठक वाजलं पाहिजे. खोकत चला. पण वाट आणि वेळ रोज बदला. मी दर तासाच्या ठोक्याला उजवीकडून निघायचो तेव्हा चरस ओढणारी पोरं माझ्या घड्याळावर आपलं घड्याळ लावायची. मग कधी पावणेबाराला, कधी बारा वाजून दहा मिनिटांनी, कधी उलट्या बाजूने जायला लागलो. आठवड्यात त्यांनी दुसरी जागा शोधली.

फेरीत बघायचं काय? मीटरची पेटी बंद आहे का, शौचालयात पाणी वाहतंय का, गटारावरची जाळी जागेवर आहे का (भंगारात जाते ती), दिवे किती बंद आहेत. हे सगळं चालता चालता होतं. थांबायचं ते मुलांच्या खेळण्यांपाशी.

झोपाळ्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस. लोखंड बाहेरून रंगवलेलं दिसतं, आतून भुसा झालेलं असतं. साखळी वरच्या दांड्याला जिथं अडकते तिथं इंग्रजी एससारखा आकडा असतो. त्याच्या आतल्या वळणात साखळीची कडी दिवसभर घासते. खालून बघून काही कळत नाही. दिवसपाळीच्या माळ्याची शिडी घ्या, वर चढा आणि आकड्याच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवा. खाच लागेल. जुन्या पाट्यावर मधोमध पडते तशी. बोटाच्या जाडीचा आकडा असेल आणि खाच तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली असेल तर झोपाळा बंद, विचार करत बसायचं नाही. मग खाली येऊन दोन्ही साखळ्यांना आपल्या अंगाच्या भाराने लोंबकळा. कुईं कुईं आवाज ठीक आहे, तेल मागतोय. कट् असा आवाज आला तर ठीक नाही.

एका मे महिन्यात मला तशी खाच लागली. मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी ‘तातडीचे’ म्हणून अधोरेखित केलं. आमच्या पालिकेत त्या वह्या कोण वाचायचं देव जाणे. चौथ्या दिवशी संध्याकाळी, मी कामावर यायच्या अर्धा तास आधी, आकडा तुटला आणि एक मुलगी पडली. मनगट मोडलं. चौकशीत माझी वही बघून साहेब म्हणाले, तुझी चूक नाही. पण चूक होतीच. तीन दिवस माझ्याकडे काथ्याची दोरी होती. झोपाळा वरच्या दांड्याला दोन-तीन वेढे गुंडाळून उंचावर दोरीने करकचून बांधायला पाच मिनिटं लागतात. पुठ्ठ्यावर ‘बंद’ लिहून लावण्याचा काही उपयोग नाही, पाच वर्षांच्या पोराला वाचता कुठं येतं? बसायची पाटीच हाताला लागू देऊ नका. नंतर मी असे सहा-सात झोपाळे बांधले, ‘कुणाला विचारून?’ म्हणून बोलणीही खाल्ली. खायची.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तळहाताची उलटी बाजू लावून बघा. स्वतःला टेकवत नसेल तर पोरांना सोडू नका. झोपाळ्याखाली पायांनी खड्डा पडतो, पावसात त्यात पाणी साचतं, डास होतात. माती टाकत राहा. बंद पडलेल्या कारंज्याचंही तेच, डेंग्यूचा पाळणाच तो. एक तर चालू ठेवा नाही तर कोरडं ठेवा.

वहीबद्दल आलंच आहे तर. ‘रात्री सर्व ठीक’ ही ओळ मी पहिली दोन वर्षं लिहिली. ती कोऱ्या पानाइतकीच उपयोगाची. असं लिहा: ‘रात्री २.१०. मागच्या भिंतीचे तिन्ही नळ जागेवर. पूर्वेकडचा दुसरा दिवा बंद. शौचालयाच्या पायरीवर एक इसम झोपलेला, उठवला, शुद्धीत, मागच्या गेटने गेला.’ वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं. ‘संशयित’, ‘परप्रांतीय’, ‘वाईट चालीची’ असले शब्द वहीत आणू नका. दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. एके सकाळी तिन्ही नळ गायब झाले आणि ठेकेदाराने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मी वही उघडली. २.१० ला तीन नळ, ४.३० ला तीन नळ, सहाला पाळी देताना तीन नळ, खाली दिवसपाळीवाल्याची सही. नळ सकाळी आठला गेले होते, भरदिवसा, बागेत माणसं फिरत असताना. त्यानंतर आम्हाला प्लॅस्टिकचे नळ मिळाले. ते कुणी चोरत नाही, फक्त महिन्यात तुटतात. हल्ली मोबाईलवर फोटो काढता येतो, जरूर काढा, पण वही सोडू नका. मोबाईल बदलतो, वही कपाटात राहते.

आता माणसं.

बाकावर बसलेल्या जोडप्यांच्या मागे लागू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण नव्या वॉचमनला पहिली हौस हीच असते. दोन सज्ञान माणसं बाकावर शेजारी बसली, हातात हात घेतला, तर त्यात कुठलाही गुन्हा नाही. त्यांचं वय, जात, लग्न विचारणं हे आपलं काम नाही. उघड अश्लील चाळा होत असेल आणि लोकांना त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही लांबून काठी वाजवली की पुरतं. आमच्याकडे एकदा कुठल्याशा संघटनेची चार पोरं आली, ‘जोडप्यांना हाकला’ म्हणून मलाच दम द्यायला लागली. मी म्हटलं, ‘बाबांनो, लेखी द्या, साहेबांकडे पाठवतो.’ लेखी कुणी देत नाही.

दारुड्याचं तंत्र निराळं. अंगाला हात लावायचा नाही. त्याच्या आणि गेटच्या मध्ये उभं राहायचं नाही, जायची वाट मोकळी पाहिजे. बाजूला, हातभर नव्हे काठीभर अंतरावर उभे राहा आणि आधी पाणी विचारा. ‘उदक जाय रे बाब?’ म्हटलं की निम्मे विरघळतात. मग ‘चल, बस चुकेल’ म्हणायचं. ‘बाहेर हो’ म्हणालात की तो बाकाला चिकटलाच. धिंगाणा घालायला लागला तर मात्र पोलीस. न्याय संहितेच्या ३५५ कलमाखाली दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केलं तर २४ तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. बाटल्या फोडणारा असेल तर काचा आधी उचला, तक्रार नंतर. सकाळी सहाला अनवाणी चालणारे आजोबा येतात. आणि दारुडा हलत नाही, घामाने भिजलाय, बोलणं अडखळतंय, तर तो दारुडाच आहे असं धरून चालू नका. १०८ लावा. मी एकाला दोन तास ‘झोपू दे’ म्हणून सोडला होता. त्याची साखर उतरली होती. वाचला, माझं नशीब.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन बागभर फिरू नका. गेटजवळ, उजेडात, एखाद्या बाईमाणसाच्या सोबतीने बसवा. ‘लाल फ्रॉकमधली तन्वी नावाची मुलगी सापडली आहे’ असं ओरडून सांगितलंत तर कुणीही येऊन ‘तन्वी, चल’ म्हणेल. नुसतं ‘मूल सापडलंय’ म्हणा आणि येणाऱ्याला विचारा, कपडे कुठले, नाव काय. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर ११२ किंवा मुलांच्या मदतीचा १०९८ लावा.

फुटबॉल खेळणारी पोरं, पत्ते कुटणारे पेन्शनर, लग्नाआधीचे फोटो काढायला येऊन फुलझाडांत घुसणारे, हे रोजचंच. त्यांच्याशी ओळख ठेवा, नावं लक्षात ठेवा, एवढंच सांगतो. माझे निम्मे चोर पत्तेवाल्या काकांनी पकडून दिले.

झाडं ही मालमत्ता आहे हे विसरलं जातं. गोव्यात १९८४ पासून वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. कुणी कोयता घेऊन आला आणि ‘नगरसेवकांनी सांगितलंय’ म्हणाला तर कागद मागा. कागद नसेल तर गेट बंद करून मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत फोन करा. पावसाच्या आधी, मेच्या मध्याला, मोठ्या झाडांखालून एक फेरी फक्त वर बघत मारा: वाळक्या फांद्या, खोडाला भोक, मुळापाशी उचललेली माती. जमीन एका बाजूने फुगलेली दिसली तर त्या बाजूला बाक ठेवू नका. आणि माड! माडाखाली बाक ठेवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात येते मला कळत नाही. दर तीन महिन्यांनी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आलाच पाहिजे. आला नाही तर कचेरीत जाऊन बसा. डोक्यात नारळ पडला तर ‘माझ्या वहीत लिहिलंय’ म्हणून कुणी बरं होत नाही.

आपल्या बागेत काय आहे ते ठाऊक असू द्या. पणजीला चर्चजवळच्या बागेत मधोमध खांब आहे. त्यावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बागेला नाव गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं, ज्याने १५६३ साली गोव्यातच औषधी झाडांवर ग्रंथ छापला. आझाद मैदानात हुतात्मा स्मारक आहे, गोवा मुक्तीच्या चळवळीतले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, १८ जूनला तिथं गोव्याच्या क्रांतिदिनाचा सोहळा होतो. तिथल्या वॉचमनला हे पर्यटकांना सांगता आलं पाहिजे, मान मिळतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्मारकावरचा कुठला तुकडा आधीपासून तुटलेला आहे ते माहीत असलं पाहिजे. सोहळ्याच्या आदल्या दिवशी फोटो काढा, दुसऱ्या दिवशी परत काढा.

जत्रा-फेस्ताच्या रात्री सगळे नियम बदलतात. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, चौकात दुकानं, खाजें, फुगे, गर्दी. अशा रात्री बागेच्या लोखंडी कुंपणाला दुकानदार विजेच्या तारा बांधतात. हे एकदाही चालवून घेऊ नका. ओलं लोखंड, त्यावर सोललेली तार आणि कुंपणाला टेकून उभी पोरं. मी हातात कोरडी काठी घेऊन फिरायचो आणि तार दिसली की आधी दुकानदाराला मेन बंद करायला लावायचो. आरडाओरडा व्हायचा. ‘वर्सान एकदां तरी, बाब!’ त्याला मी म्हणायचो, वीजही वर्षातून एकदाच मारते.

बाग बंद करताना घाई करू नका. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पहिली शिट्टी, मग लांबच्या टोकापासून गेटकडे चालत यायचं, उलटं नाही. गेटपासून आत गेलात तर तुमच्या पाठीमागून माणसं परत आत येतात. शौचालयाचं दार ठोठावून, आवाज देऊन मगच कुलूप. मी एका कॉलेजच्या मुलाला चाळीस मिनिटं आत कोंडलं होतं, कानात गाणी लावून बसला होता बिचारा. पाऊलवाटेवर साप दिसला तर झोत त्याच्यावर धरून लांब थांबा आणि वन खात्याला कळवा. बहुतेक वेळा धामण किंवा दिवड असतो आणि तुमच्याआधी तोच निघून जातो.

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की पाळी संपत आली समजायचं. पुढचा माणूस आल्यावर किल्ल्या त्याच्यासमोर एकेक करून कुलपांना लावून दाखवा, त्याला कंटाळा आला तरी. वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आणि निघण्याआधी स्वतःचे खिसे चापपून बघा. मी दोनदा शौचालयाची किल्ली खिशात घेऊन कदंबाच्या बसने वाळपईपर्यंत गेलोय, आणि दोन्ही वेळा त्याच गाडीने परत आलोय.